चवबाईची उसनी चव

"ते सूप खाऊ नका."

आवाज भल्या मोठ्या फ्रीजच्या मागून आला. तिने चमचा तोंडापाशीच थांबवला. दुपारचे साडेतीन वाजले होते. खानावळीत दुसरं चिटपाखरूही नव्हतं आणि मालक गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी काढत होते. भिंतीपासून ओढून तिरपा केलेल्या फ्रीजच्या फटीतून एक माणूस अंग चोरत बाहेर आला. हातात पाना, केसांत जळमट आणि चष्मा नाकाच्या पार शेंड्यावर.

"का बरं?"

"हा काल रात्रीपासून बंद आहे. आतलं सगळं नासलंय. मालकांनी न बघताच गरम करून दिलेलं दिसतंय." तो जवळ आला आणि वाडग्यात डोकावला. वाडगा अर्धा रिकामा होता. "अर्धं संपवलंत? अहो, मला तिकडे फ्रीजच्या मागे वास येत होता."

"आंबट लागलं... मला वाटलं, लिंबू पिळलंय."

बोलून गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सर्दी झालीय, असं तिने घाईघाईने सांगितलं. तो नुसतं "बरं" म्हणाला. त्या 'बरं'मध्ये विश्वास औषधालाही नव्हता.

आता हे दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं असतं, तर हसून सोडून देता आलं असतं. पण ती चवबाई होती. शाळेत असताना ती ना अभ्यासात पुढे होती, ना खेळात, ना दिसण्यात. एकदा सहलीला तिने एका मैत्रिणीच्या डब्यातला घास खाल्ला आणि सहज म्हणाली, "तुझी आई घरी नाही वाटतं? हे बाबांनी केलंय." ते खरं निघालं. त्या दिवसापासून सातजणांच्या त्या टोळक्यात तिला नाव मिळालं आणि जागाही. पुढे सगळे नोकरीधंद्याला लागले, ती चष्म्याच्या दुकानात लागली, पण कुठेही जेवायला जायचं ठरलं की एकच वाक्य असायचं – चवबाई ठरवेल. ती म्हणेल त्या खानावळीत सगळे डोळे मिटून जायचे.

चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला. तो उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट बघा. जिभेला खारट, आंबट, गोड, तिखट एवढं कळायचं. बाकी सगळं पुठ्ठा चघळल्यासारखं. एकदा तिच्या पाठीमागे दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळंठिक्कर पडलं आणि ती तिथेच खुर्चीत निवांत वाचत बसलेली. वहिनी बाहेरच्या खोलीतून धावत आली, तेव्हा तिला कळलं. ते गुपित फक्त वहिनीला ठाऊक होतं. आईला सांगायचं नाही, ग्रुपला तर मुळीच नाही. कारण चव काढून घेतली, तर आपल्यात बाकी काय उरतं, हे तिलाच ठाऊक नव्हतं.

आणि नेमकी आत्ताच सरकारची पार्टी आली. सरकार म्हणजे टोळक्यातली सगळ्यांवर हुकूम सोडणारी मैत्रीण. ती दूरदेशी नोकरीला चालली होती. तिने हुकूम सोडला, की निरोपाचं जेवण आपल्याच भागात, आपल्या पायाखालच्या एखाद्या खानावळीत, दंगा करता येईल अशा ठिकाणी हवं, चवबाई ठरवेल. म्हणून चवबाई गेला आठवडाभर दुपारच्या सुट्टीत एकटी या खानावळीतून त्या खानावळीत हिंडत होती. पुठ्ठा चघळत होती आणि आजूबाजूला जेवणाऱ्यांचे चेहरे बघून अंदाज बांधत होती. आज बघायला चेहराच नव्हता.

तो माणूस तिला तसंच सोडून गेला नाही. समोरच्या दुकानातून सोड्याची सीलबंद बाटली आणली, तिला खानावळीच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः दोन पायऱ्या खाली बसला. तासभर तरी तिने हलायचं नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"तुमचं काम राहिलंय ना?"

"फ्रीज कुठे पळून जात नाही. तुम्हाला घरी जाऊन काही झालं, तर माझ्या डोक्याला घोर."

अनोळखी माणसाला खरं सांगणं सोपं असतं. शिवाय तासभर खोटं बोलत राहायला ताकद लागते. तिने सगळं सांगून टाकलं. ताप, दूध, सरकार, सगळं. तो 'अरेरे' म्हणाला नाही. थोडा वेळ पान्याशी चाळा करत म्हणाला, "म्हणजे तुम्ही माणसांची तोंडं बघून खानावळ ठरवता. मी फ्रीजच्या दाराचं रबर बघून ठरवतो. ते घासून स्वच्छ ठेवलेलं असेल, तर डोळे झाकून जेवावं. या भागातले बहुतेक फ्रीज दुरुस्तीला माझ्याकडेच असतात." मग चष्मा वर ढकलत, तिच्याकडे न बघता – "म्हणजे... पाहिजे तर दाखवतो. मी खाईन. तुम्ही विचारा."

पोट बिघडलं नाही. पण त्या रात्री ती बराच वेळ उगाचच हसत होती.

पहिल्या दिवशी तो अगदीच नापास झाला. ती विचारायची, कसं लागतंय, आणि तो म्हणायचा, गरम. आणखी? आणखी... चांगलं. चव घ्यायची म्हणजे जिभेवर घास थांबवायचा, हे तिने त्याला शिकवलं. पाठ करायला बसलेल्या मुलासारखे डोळे मिटून तो घास थांबवायचा आणि ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. आधी चवीसाठी. मग चवीसाठीच असं काही नाही.

"मीठ मला कळतंय, ते सोडा. वासाचं सांगा."

"वास... पावसात भिजलेला कपडा इस्त्रीखाली घेतला की येतो ना, तसा."

"भाताला?"

"तुम्हीच म्हणालात, खरं सांगा."

तिसऱ्या खानावळीपर्यंत तो तरबेज झाला. एका ठिकाणची भाजलेली कोंबडी त्याला 'नातेवाइकांसमोर गोड बोलणारी' वाटली आणि दुसऱ्या ठिकाणचा पाव 'दुपारी झोपून उठल्यासारखा'. ती खारट-आंबटाचा हिशेब धरायची, तो बाकीचं भरायचा. दोघांचं मिळून एक तोंड. जेवायला बसण्याआधी तो कितीतरी वेळ हात धुवायचा. नखांच्या कडेचं काळं तेवढं जायचं नाही. मग तो बोटं मिटून ठेवायचा. तिला ते दिसायचं आणि दिसत नाही असं ती दाखवायची.

एकदा त्याचा चष्मा घसरून थेट सुपात पडला. ती त्याला हाताला धरून आपल्या दुकानात घेऊन गेली. चष्म्याची काडी तापवायच्या यंत्रावर धरून मऊ केली, वाकवली आणि त्याच्या कानामागे बसवून बघितली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तशी गरज नव्हती. तिची बोटं त्याच्या कानामागे टेकली तेव्हा त्याने श्वास रोखून धरला होता.

"दुखतंय?"

"नाही... जरा सैलच वाटतंय अजून."

"सैल नाहीये."

"मग राहू द्या. उद्या परत सैल होईल."

पाचवी जागा सापडली आणि शोध संपला. दोन जावांनी मिळून चालवलेली खानावळ, आत छोटंसं अंगण, अंगणात लांबलचक बाकं आणि फ्रीजचं रबर चकचकीत घासलेलं. तिथलं माशाचं सूप पिऊन त्याने चमचा खाली ठेवला. तिने दोनदा विचारलं, तेव्हा हळूच म्हणाला, "पहिल्या घोटाला काही नाही. दुसऱ्या घोटाला वाटतं, घरी कुणीतरी आपली वाट बघत होतं."

हे म्हणताना तो तिच्याकडे बघत होता. तिने मान खाली घालून सूप ढवळलं.

त्याच संध्याकाळी तिने ते वाक्य जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. खाली खानावळीचा पत्ता दिला. पाच मिनिटांत ग्रुप नुसता उसळला. सरकारने लिहिलं, तुझ्यासारखी तूच. टोळक्यातला वकील, ज्याला जगात काहीच पटत नसे, त्यानेही लिहिलं की चवबाईने आता पुस्तकच लिहावं. ती फोन उशीखाली सारून पडून राहिली. कुणाच्या तरी तोंडचा घास काढून स्वतः ढेकर दिल्यासारखं तिला वाटलं. उद्या त्याला सांगू, असं तिने ठरवलं. उद्या आला आणि तिने सांगितलं नाही.

पार्टीच्या आदल्या दिवशी त्यानेच विषय काढला. सगळे येणार का, किती वाजता, अंगणातलं कोणतं बाक घेतलंय – तो एकेक विचारत राहिला आणि जे विचारायचं होतं तिथवर काही पोचला नाही. तिला ते ऐकू आलं होतं. तिने बोलणं दुसरीकडे वळवलं. तो आला, तर कोण, कुठला, ओळख कशी, असे प्रश्न येणार आणि सगळं बिंग फुटणार, असं तिने मनाशी कारण दिलं. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं. वकिलाच्या शेजारी, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर, ती काळ्या कडांची नखं तिला दिसली होती. तो विचार आला आणि तिची तिलाच शिसारी आली. तरी तिने त्याला बोलावलं नाही.

पार्टी मात्र अशी रंगली की बोलायची सोय नाही. अंगणात दिव्यांच्या माळा होत्या, दोन्ही जावा जातीने वाढत होत्या, सरकार खुर्चीवर उभी राहून शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल करत होती. जो तो सूप पिऊन चवबाईच्या पाठीवर थाप मारत होता. वकील ग्लास वाजवून उठला, सगळ्यांना गप्प केलं आणि फोनमध्ये बघून मोठ्याने वाचू लागला: "पहिल्या घोटाला काही नाही. दुसऱ्या घोटाला वाटतं..."

ती हसत होती. हसता हसता तिची नजर दाराकडे गेली.

तो उभा होता. अंगात इस्त्रीचा निळा शर्ट, भांग नीट पाडलेला, हातात हत्यारांची पिशवी. आपलंच वाक्य तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. टाळ्या पडल्या. त्याचा चेहरा आधी गोंधळला आणि मग हळूहळू उजळला, आपली वस्तू कुणीतरी जपून ठेवलेली सापडावी तसा. तो तिच्या बाकाशी आला.

"आवडलं ना सगळ्यांना?"

बाकी सहाही जणांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"कोण गं?" सरकारने विचारलं.

दोन श्वासांचा वेळ होता. तेवढ्यात काहीही बोलता आलं असतं.

"काय की... इथले फ्रीजवगैरे बघतात वाटतं."

वकिलाला त्यात काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. त्याने शेजारचा रिकामा जग उचलून सहज त्याच्यापुढे केला. "बरं झालं आलात. जरा पाणी सांगता?"

त्याने जग घेतला. पिशवी भिंतीशी ठेवली, आत जाऊन जग भरून आणला आणि एकेकाच्या ग्लासात पाणी ओतलं. एक थेंब सांडला नाही. तिच्या ग्लासापाशी आल्यावर तो वाकला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "चुकलं माझं, ताई. मला दुसरंच कुणी वाटलं."

ताई.

तो निघून गेला. पार्टी पुढे चालू राहिली, गाणी झाली, फोटो झाले. सगळ्या फोटोंत ती हसत होती. ते पाणी तिच्याच्याने प्यायलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने एका आजोबांच्या चष्म्याची काडी वाकवता वाकवता मोडली. तीन वेळा त्याचा नंबर काढला आणि तिन्ही वेळा फोन परत ठेवला. काय म्हणणार होती? संध्याकाळी वहिनी भाजी निवडत होती, तेव्हा तिने तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं नाही, हेही तिला लाजिरवाणं वाटलं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाक गेलं ते गेलं. त्यात तुझा काय दोष? पण नाही ते नाक वर करून बसलीस ना, ते मात्र तुझंच काम."

ती उठून गच्चीवर गेली आणि ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप पाठवला. टाईप केलं असतं, तर तिने शब्द घासूनपुसून घेतले असते. चार महिने मला वास येत नाही, ती म्हणाली. सुपाचं वाक्य माझं नव्हतं. खानावळही मी शोधली नाही. ज्याने शोधली, त्याला मी तुमच्यासमोर ओळख दाखवली नाही आणि तुम्ही त्याच्या हातून पाणी प्यायलात.

मग सरकारचा फोन आला. वासाबद्दल तिने अवाक्षर काढलं नाही. आम्ही तुझ्या जिभेसाठी इतकी वर्षं तुझ्याशी मैत्री ठेवली असं तुला वाटलं, याचं मला फार वाईट वाटतंय, एवढंच म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. वकिलाने एकच ओळ लिहिली: त्याचा पत्ता दे, जग मी पुढे केला होता. तिने उत्तर दिलं, आधी मी जाते.

त्याचं काम एका जुन्या गॅरेजमध्ये चालायचं. दारं काढलेले चार-पाच फ्रीज भिंतीशी तोंड उघडून उभे होते. तो खाली बसून एका तांब्याच्या नळीला ब्रशने साबणाचा फेस लावत होता. तिची सावली जमिनीवर पडली, तरी त्याने वर पाहिलं नाही.

"काय करतोयस?" तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं. आजवर ते 'अहो-जाहो'च्या पुढे गेले नव्हते.

"गळती शोधतोय. गॅस दिसत नाही. जिथे बुडबुडा येतो, तिथे भोक."

ती त्याच्यासमोर, तेलकट फरशीवरच बसली. "मी तुझं वाक्य चोरलं. त्याबद्दल माफी मागेन, पण ते सोपं आहे. मी तुला ओळखत नाही असं दाखवलं, ते... ते मी घाबरून केलं, असं सांगायला आले होते. पण तेवढंच खरं नाही. मला तुझ्या नखांची लाज वाटली. आणि आता मला माझी वाटते. ती जात नाही. साबण लावून बघितलं तरी."

तो ब्रश फेसात बुडवत राहिला. मग म्हणाला, "पाण्याचं काही नाही. पाणी कुणालाही द्यावं. 'वाटतं' म्हणालीस ना... फ्रीज बघतात *वाटतं*. मी घरी जाऊन तो एकच शब्द ऐकत होतो."

तिने मान हलवली. रडू आत्ता आलं, तेही बेढब, नाक पुसायला रुमाल नसताना. त्याने खिशातलं फडकं काढलं, त्याच्याकडे बघितलं, परत खिशात घातलं आणि उठून कपाटातून धुतलेला टॉवेल आणून दिला.

"मलाही एक सांगायचंय," तो पुन्हा खाली बसत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "त्या दिवशी त्यांचा फ्रीज ठणठणीत होता. मला कुणी बोलावलं नव्हतं. पिशवीत हत्यारंसुद्धा नव्हती, नुसता टॉवेल कोंबला होता... फुगलेली दिसावी म्हणून. मला फक्त तुला तिथे बघायचं होतं. तू म्हणालीस ते ऐकून राग आला, पण त्याहून जास्त वाटलं, की बरं झालं, कुणी फ्रीज बघायला सांगितला नाही. पिशवी उघडायला लावली असती, तर मेलोच असतो."

ती टॉवेलात तोंड लपवून हसली. मग हसणं थांबलं. नळीवरचा फेस फुटत होता, त्याचा बारीक आवाज येत होता.

"मला तू आवडतोस," ती टॉवेलातूनच म्हणाली. "चव सांगतोस म्हणून नाही. आज काहीच सांगू नकोस, तरी आवडतोस."

"टॉवेल काढून म्हण."

तिने काढला आणि म्हणून दाखवलं. डोळे सुजलेले, नाक लाल, गालावर कसलासा काळा डाग. तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हात पुढे केला, नखांच्या कडा जशा होत्या तशाच, आणि तिने तो धरला.

संध्याकाळी ते दोघं कोपऱ्यावरच्या एका नव्या खानावळीत गेले. तिथला फ्रीज त्याच्याकडे नव्हता आणि तिथलं कुणी त्यांना ओळखत नव्हतं. रबराची काहीच खात्री नाही, त्याने तिला दारातच बजावलं. चालेल, ती म्हणाली. मेनूकार्ड उघडतात तोवर तिच्या आईचा फोन आला. जेवायला घरी येणार की नाही, आणि बाहेर असशील तर कुणाबरोबर, सरकारबरोबर का?

'हो' म्हणणं जिभेच्या टोकावरच होतं. समोर तो मेनूकार्डात डोकं घालून, आपल्याला काही ऐकू येत नाही असं दाखवत बसला होता.

"नाही आई," ती म्हणाली. "सरकार नाही. हे... हे आहेत बरोबर."

म्हणाली आणि तिलाच ऐकू आलं, आपण काय बोललो ते. आईने आजवर घरात बाबांना 'हे'शिवाय दुसऱ्या कोणत्याही नावाने संबोधलं नव्हतं. मेनूकार्डाच्या वर फक्त चष्मा आणि दोन लालबुंद कान दिसत होते. वाक्य सावरून घ्यायला अजून वेळ होता. म्हणजे हे फ्रीजचं काम करतात ते, ओळखीचे आहेत, असं काहीतरी. तिने ते सावरलं नाही.

पलीकडे वहिनीचं दबकं हसू आणि आईने तिला गप्प केल्याचं ऐकू आलं.

"बरं," आई म्हणाली. "जेवा मग दोघं सावकाश. दाराला कडी लावत नाही मी."